पावाच्या रंगाचं कुत्रं

तिसाफ्युरेद,
१४ ऑक्टोबर

प्रिय लोरिंत्सदादा,

तू आणि वहिनी मजेत असाल. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी मिरच्यांच्या माळा तिने स्वतःच ओवल्या. मला सुईला हात लावू दिला नाही.

शाळेतल्या पिरोश्काबाई त्यांच्या माय्वा कुत्रीला घेऊन आल्या होत्या. आपल्या बेत्यारचीच लेक, तीन वर्षांची. कानांवरचे केस गेलेत, पाठीवरून हात फिरवला की पांढरे पापुद्रे निघतात. डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथीच मरत चालल्यात म्हणे, आणि हे रक्तातून उतरतं. बरं होत नाही. जन्मभर तेल चोळायचं आणि धुवायचं.

"तुमच्या बाबांना माहीत होतं का गं?" त्यांनी विचारलं. मी कॉफी ओतत राहिले.

आपल्या विझ्ला कुत्र्यांचा रंग पावाचा. बेत्यारच्या अंगावरून काही गळलं की बाबा हसायचे, "पाव म्हटला की चुरा पडणारच!" आपणही हसायचो, पिल्लं घ्यायला आलेली गिऱ्हाईकंही हसायची. त्या 'चुरा' शब्दाखाली आपण सहा वर्षं आजार झाकला, दादा.

परवा फोनवर तू म्हणालास, "एमोके, तोंड उघडलंस तर गेलेल्या बाबांचं नाव मातीत घालशील. बाकीचे काय धुतल्या तांदळाचे आहेत?"

नसतील. पण मीही नाही. पैदाशीच्या परवानगीसाठी परीक्षक येणार होते ना, त्याआधी तीन दिवस बेत्यारला न्हाणीघरात कोंडून मीच तेल चोळलं, फणीने पापुद्रे काढले. परीक्षकांनी त्याच्या चकचकीत पाठीवर हात फिरवून मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली. मला कोणी सांगितलं नव्हतं, तूही नाही. मला जिंकायचं होतं. एकतीस पिल्लं झाली त्यानंतर.

तेव्हा ऐक. तू ठरवलं असलंस तरी नोव्हेंबरात बेत्यार कुठल्याही मादीकडे जाणार नाही. तू त्याला न्यायला गाडी घेऊन आलास तर फाटक उघडणार नाही, आईने सांगितलं तरी नाही. मला लाज वाटते, पण तुझी भीती वाटत नाही. शिव्या दे, नाताळला येऊ नकोस, काय करायचं ते कर.

एकतीस घरांना आणि विझ्ला पाळणाऱ्यांच्या संघाला पत्रं लिहून तयार आहेत. तेल चोळल्याचंही लिहिलंय. शुक्रवारी टपालात टाकणार. प्रत्येकावर माझ्या सहीखाली एका सहीची जागा सोडली आहे. तू सही करायला आलास तर मला फार बरं वाटेल. नाही आलास तर जागा तशीच मोकळी जाईल.

तुझीच, पण तुझं न ऐकणारी,
एमोके