मिसरीचा रकाना

देवपूर, धुळे
१८ जानेवारी १९७०

प्रिय हिलाल,

परदेशातून परतल्याचं तुझं पत्र मिळालं, त्यामागची दोन कार्डंही मिळाली. तिन्हींत मागणी एकच. तोंडाच्या पाहणीचे पक्के तक्ते पाठव, मार्चमध्ये परिषदेत निबंध वाचायचा आहे. तक्ते तयार होते. महिनाभर माझ्या टेबलावर पडून होते आणि कॉलेजातून येता-जाता मी त्यांच्याकडे चोरासारखा बघायचो. संख्याशास्त्राच्या मास्तराला आकड्यांचं भय वाटावं, म्हणजे हलवायाला साखरेचं भय वाटण्यासारखंच आहे. पण वाटतं खरं. आज सगळं लिहायचं ठरवून बसलो आहे, तेव्हा तूही जरा निवांत बसून वाच.

सदुसष्टचा तो हिवाळा आठवतो ना? इस्पितळाची खटारा जीप, भडगावपासून जामनेरपर्यंतची खेडी आणि मागच्या बाकावर आपण. लोकांच्या तोंडात बॅटरी मारून बघणारा तू, चट्ट्यांचे तुकडे काढून काचेवर तपासायला नेणारे मुंबईचे दस्तूर आणि मोजणारा मी. कॅन्सर हा एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातला रोग नाही, त्याला गणितवाला हवा, सूक्ष्मदर्शकवाला हवा, गावात घरोघर शिरणारं माणूस हवं, असं तू तेव्हा प्रत्येक चावडीवर सांगायचास. मी तुझी थट्टा करायचो. म्हणायचो, अरे, हे तर आमच्या जैन घरांत पाळण्यापासून शिकवतात. वस्तूला अनेक बाजू असतात, एकानं बघितलेली बाजू म्हणजे वस्तू नव्हे. तू हात जोडून म्हणायचास, महाराज, प्रवचन पुरे, पुढचं गाव आलं.

घरोघर शिरणारं माणूस म्हणजे आपल्या नर्सबाई, लताबाई. बायका तुझ्यापुढे पदर तोंडावरून काढायच्या नाहीत. तेव्हा लताबाईंनीच युक्ती काढली. गावात गेल्यावर पारावर बसायच्या, सगळ्या बायकांदेखत आधी स्वतःचं तोंड आ करून तुला दाखवायच्या आणि मग म्हणायच्या, देखा, माले काय खाई टाकं का त्यानी? बायका हसायच्या आणि रांग लागायची. आठशे बारा बायकांची तोंडं त्या एका तोंडामुळे उघडली. मी हे तेव्हा लिहून ठेवायला हवं होतं. मी फक्त आठशे बारा लिहिलं.

त्या लताबाई गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्याकडे आल्या. तू परदेशी होतास. डावा गाल सुजला होता, तोंड दोन बोटं उघडत नव्हतं. दाढ दुखते म्हणून चार महिने अंगावर काढलेलं. मी त्यांना मुंबईला घेऊन गेलो. तिथे जबडा कापायचं म्हणणारे एका मजल्यावर, किरणांचा शेक द्यायचं म्हणणारे दुसऱ्या मजल्यावर. हे म्हणत आधी आम्ही, ते म्हणत आधी आम्ही. सहा आठवडे ती बाई हातात कागद घेऊन जिने चढत-उतरत राहिली. शेवटी मी दोघांनाही एका खोलीत बसवलं, चिडून, नको ते बोलून. मग शेक सुरू झाला. दोघंही शहाणे होते हिलाल, दोघांनाही काळजी होती. पण तोवर गाठ मानेत उतरली होती. गालाला भोक पडलं, पाजलेलं पाणी तिथून बाहेर यायचं. हे तुला लिहिणं म्हणजे कोळशाच्या खाणीत कोळसा पाठवणं आहे, पण मी हे पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळ्यानंतर त्यांना भडगावला घरी आणलं. एका रविवारी मी गेलो, तर घरभर धूर. खोकल्यानं मी बेजार. त्यांची नणंद चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पानं काळीकुट्ट होईतो भाजत होती. मी विचारलं हे काय चाललंय, तर ती म्हणाली, मिसरी. वहिनीनी दाढ ठनकस, जरा घसी का बरं वाटस. मी तव्यातलं एक जळकं पान उचलून बघत राहिलो.

तुला ठाऊक आहे, आमच्या घरात तंबाखूचं पान उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. जळगावला शाळेत असताना तू जेवायला यायचास, तेव्हा तुझ्या खिशात पुडी आहे अशा संशयानं आमच्या मोहनबाईंनी, माझ्या आईनं, तुझा सदरा ओसरीवरच काढून ठेवायला लावला होता. तू उघड्या अंगानं सूर्यास्ताआधीचं जेवण जेवलास आणि वर म्हणालास, पापड तेवढे सोवळ्यातले नाहीत ना? अशा घरातला मी. मिसरी म्हणजे राखुंडीसारखं काहीतरी, गोवरीची राख, असं मी छत्तीस वर्षं समजत आलो.

आणि मग मला पहिलं गाव आठवलं. भडगावजवळचं, गिरणेकाठचं. फॉर्मवर माझ्या हातानं आखलेले दोन रकाने होते. तंबाखू खाणे आणि तंबाखू ओढणे. एका म्हातारीला लताबाईंनी विचारलं, तेव्हा ती कानाला हात लावून म्हणाली, माय व, बाईमानूस तमाखू खाई का? लताबाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, भाऊ, हाई मिसरी घसस, तिन्हं कोठे लिखू? मी वर न बघता म्हणालो, दात घासणं हे व्यसन नव्हे लताबाई, त्याला रकाना नाही. त्यांनी दोन्ही रकान्यांत नाही लिहिलं. शिकलेल्या माणसापुढे कोण बोलतं? पुढच्या सगळ्या गावांत त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही.

तुला मिसरी माहीत होती, तुझ्या आजीला रोज सकाळी घासताना तू पाहिलंस. पण तू बायकांचे फॉर्म वाचले नाहीस. मिसरी खाण्यातच धरली असेल असं समजलास. दस्तूरांनी काचेवर पेशी पाहिल्या, शेजारी तंबाखू नाही असं वाचलं आणि कारण तिखटात आणि अशक्तपणात शोधलं. तिन्ही बाजू माहीत असलेली एकच बाई जीपमध्ये होती आणि तिच्या हातात आपण फक्त पेन दिलं होतं. एकसष्ट बायकांच्या गालात पांढरे चट्टे होते, कॅन्सरच्या आधी येतात ते. त्या एकसष्ट जणींना आपण हिरव्या भाज्या खा म्हणून सांगितलं. तंबाखू सोडा ही पत्रकं वाटली ती पुरुषांना.

हे सगळं मी लताबाईंना त्या रविवारी कबूल केलं. त्यांचं बोलणं तेव्हा जवळजवळ बंद झालं होतं. त्यांनी पाटी मागवली आणि लिहिलं, जुने फॉर्म घेऊन या. पुढचे दोन महिने, गालावर फडकं बांधून, कधी बैलगाडीनं, कधी एसटीनं, नणंदेला सोबत घेऊन ती बाई गावोगाव फिरली. मी पायाही पडलो, ऐकेनात. एकसष्टपैकी चौपन्न बायका त्यांना भेटल्या. तिघी कामाला परगावी गेलेल्या. चौघी वारल्या होत्या, त्यांतल्या दोघी तोंडाच्या दुखण्यानं. चौपन्नांपैकी एक्कावन्न जणी मिसरी घासणाऱ्या निघाल्या. आणि पुढचं ऐक. प्रत्येकीच्या शेजारची, तिच्याच वयाची, चट्टा नसलेली एक बाई त्यांनी गाठली आणि तिलाही तेच विचारलं. त्या चौपन्न शेजारणींत मिसरी घासणाऱ्या सतरा. हे असं करायचं असतं, हे मी वर्गात शिकवतो तेव्हा पोरांना तीन तास लागतात. लताबाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर पाटीवर उत्तर आलं, नाहीतर तुम्ही म्हटलं असतं की सगळ्याच घासतात.

गेल्या गुरुवारी लताबाई गेल्या. काल नणंदेनं फॉर्मांचा गठ्ठा आणून दिला, तो सोडला तेव्हा वरच फॉर्म क्रमांक एक होता. तो कुणाचा ते तू विसरला असशील, मीही विसरलो होतो. पहिल्या गावात पहिलं तोंड त्यांनीच उघडलं होतं. तू बॅटरी धरून सांगितलंस, डाव्या गालात पांढरा चट्टा, आणि मी लिहिलं. आपल्यातल्याच म्हणून त्यांना मी त्या एकसष्टांत धरलंच नव्हतं, आणि पुढचे दोन रकाने त्यांना न विचारताच भरले. नाही. नाही. सल्ल्याच्या जागी हिरव्या भाज्या. माझंच अक्षर आहे. त्याच्या बाजूला आता पट्टीनं आखलेला एक नवा रकाना आहे आणि त्यात त्यांचं अक्षर आहे. मिसरी, होय, बाराव्या वर्षापासून, दिवसातून तीनदा. म्हणून तुझे तक्ते मी पाठवत नाही, ते मी सकाळी फाडले. तो निबंध वाचू नकोस. नवा लिहू, त्यावर पहिलं नाव त्यांचं घालू, पण तेही नंतर. आधी तू ये, दस्तूरांना घेऊन ये आणि शेक देणाऱ्यांपैकी कुणाला तरी तुमच्याबरोबर त्याच जीपमध्ये बसव. एक्कावन्न बायकांनी मिसरीचा डबा लताबाईंच्या ओटीत टाकला आहे, आणि मोबदल्यात त्यांनी प्रत्येकीला पाटीवर लिहून शब्द दिला आहे की संक्रांतीनंतर डॉक्टर परत येईल. संक्रांत होऊन चार दिवस झाले.

तुझाच,
निर्मलकुमार