बॉल हॅरीने दिला

प्रिय टॉमआजोबा,

तुमची माझी ओळख नाही, आणि असायचं काही कारणही नाही. तुम्हाला जाऊन नव्वदेक वर्षं झाली असतील; मी अमेरिकेत मॉरिसव्हिलमधला एक सॉफ्टवेअरवाला. पण तुमची पणती मिस रूथ (इकडे आजीबाईंनाही मिसच म्हणतात), आमच्या शेजारीण, उद्या घर सोडून मुलाकडे ओहायोला राहायला चालल्या आहेत. तुमची वही मला परत करायची आहे. ती नुसती कशी देऊ? म्हणून ही चिठ्ठी आत ठेवतोय.

आधी माझा गुन्हा सांगतो. माझी लेक इरा, वय अकरा, इथल्या मुलींच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळते. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण दर शनिवारी फोल्डिंग खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायला मी हजर! तेही मराठीतून. इथे कुणाला कळतंय, हा माज. एका मॅचला इरा बॉल घेऊन निघाली, शेजारी तिच्याच टीममधली सई मोकळी होती, आणि मी बोंबललो, "सईला देऊ नको! ती घालवेल! तूच मार!"

सईचे आईबाबा नागपूरचे. पोरगी इंग्रजीत बोलते, पण मराठी अक्षर न् अक्षर समजते. ती जागच्या जागी थांबली. तिची आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होती! धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

घरी येताना गाडीत इरा म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम डन. आय क्विट." आणि एरवी लांबूनच "हाय काका" म्हणणारी सई मान खाली घालून जायला लागली. मी आपला "अगं, खेळात होतं असं" म्हणत राहिलो. सॉरी म्हणायला जीभ वळेना. मोठ्या माणसाने अकरा वर्षांच्या पोरीची माफी मागायची? आमच्याकडे पद्धत नाही हो!

इरा खेळणं सोडतेय हे कळल्यावर मिस रूथ तुमची वही घेऊन आल्या. "नितीन, टॉम वॉज अ फॉरवर्ड टू," एवढंच म्हणाल्या.

तुमचं सगळं करिअर त्या वहीत आहे. इंग्लंडमधल्या सूतगिरणीतले तुम्ही कामगार. खेळावर पोट भरणं तेव्हा नुकतंच रीतसर झालेलं, आणि तुम्ही गिरणी सोडून बॉलच्या मागे निघालात. केवढं धाडस! चामड्याचा बॉल पावसात भिजून दगड व्हायचा. बदली खेळाडू नसायचा, लंगडत का होईना, खेळायचं. पानोपानी वर्तमानपत्रातली कात्रणं, टॉमने असा गोल केला, तसा केला. आणि प्रत्येक कात्रणाखाली पेन्सिलीने तुमची एकच ओळ. बॉल जॉर्जने दिला. बॉल विल्यमने दिला. बॉल हॅरीने दिला.

अहो, स्वतःबद्दल एखादी ओळ लिहायचीत ना! गोल झाल्यावर तुम्ही नाचायचात की नुसते परत फिरायचात, काही पत्ता लागत नाही. हा माझा तुमच्यावरचा रुसवा.

शेवटचं कात्रण मी तीनदा वाचलं. तुमचा गुडघा मोडला ती मॅच. पेपरवाल्याने हॅरीला झोडपलंय. त्याने बॉल आखूड दिला, टॉमला मागे वळून पाय घालावा लागला, आणि एका चांगल्या फॉरवर्डचा खेळ संपला. खाली तुमचं अक्षर: "बॉल हॅरीने दिला. चांगला दिला." पुढची पानं कोरी. मिस रूथ सांगतात, त्यानंतर तुम्ही बोटीने इथे कॅरोलायनात आलात आणि पुन्हा गिरणीत लागलात. ज्या पासने तुमचा खेळ गेला, त्यालाही तुम्ही चांगला म्हणालात!

मला माझी लाज वाटली. त्याच संध्याकाळी सईच्या दारात उभा राहिलो. "सई, काका चुकला. सॉरी, बाळा." ती आत निघून गेली. तिच्या आईने चहा केला, तो मी निमूट प्यायलो. घरी येऊन इराला वही दिली. बराच वेळ वाचत बसली, मग म्हणाली, "ओके, वन लास्ट गेम. बट नो येलिंग, बाबा."

काल ती मॅच झाली. मी तोंड दाबून बसलो होतो. शेवटच्या मिनिटाला इराला गोल समोर दिसत होता, आणि तिने बॉल सईला दिला. सईने मारला तो खांबाला लागून बाहेर. हरलो! सई डोळे पुसायला लागली. तेव्हा घरात "भात वाढ" एवढंही मराठीत न म्हणणारी माझी लेक सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सई, मस्त मारलास गं!"

निघताना दोघी माझ्या गाडीपाशी आल्या. सई म्हणाली, "काका, कॅन आय राइड विथ यू गाइज?" काका! माझे डोळे भरून आले, ते मी उन्हावर ढकललं.

पुढच्या सीझनचा फॉर्म इराने आज सकाळीच माझ्याकडून भरून घेतला. आजोबा, हा बॉल तुम्ही दिलात. त्याबद्दल एक शब्द देतो. काठावरून ओरडणं माझ्याच्याने काही सुटायचं नाही. पण यापुढे जे ओरडेन, ते सईच्या आईने शेजारी बसून ऐकलं तरी चालेल असंच ओरडेन.

तुमचा ऋणी,
नितीन
इराचा बाबा, आणि सईचा काका