आबा, तुमचा फोटो म्युझियममध्ये लागलाय!

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण कागद घेऊन अशी कधी बसले नाही. वेळच कुठे असतो? आताही ओट्यावर भांडी तशीच पडलीत. आय जेवून झोपलीय. उद्या सकाळी पुन्हा दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायचं, ‘नाव काय, वय काय, राहायला कुठे’ विचारत राहायचं. मग आज जे ऐकलं त्याचा पार चोथा होऊन जाईल. म्हणून आत्ताच लिहिते.

आबा, तुमचा फोटो म्युझियममध्ये लागलाय!

हो, आपल्या पनवेलला म्युझियम झालंय. मधुकाका फोटोवाले आठवतात ना? पोलिसांना पंचनाम्याचे फोटो काढून द्यायचे आणि गावात कुठे शूटिंग आलं की तिथेही कॅमेरा गळ्यात अडकवून हजर! त्यांनीच बाजारपेठेतल्या जुन्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर हे सगळं मांडलंय. एका खोलीत सिनेमा, दुसऱ्या खोलीत पोलीस. बंद पडलेल्या टॉकीजचा प्रोजेक्टर, रंग उडालेली पोस्टरं, आणि पलीकडे काठ्या, बिल्ले, बेड्या, एक जुना वायरलेस. जन्मभर ज्यांनी ही दोनच कामं केली, त्यांच्याकडे दुसरं काय असणार?

मला हे कळलं ते दवाखान्यात. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने मोबाइल पुढे केला. म्हणाली, “ताई, हे तुमचे वडील ना? काय धमाल फोटो आहे!”

पाहिला. तोच फोटो, आबा. तुम्ही गटाराच्या कडेला उताणे पडलाय, टोपी पाण्यात तरंगतेय, आणि तो चोर झालेला नट वाकून तुम्हाला सलाम ठोकतोय. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘पनवेलचा विनोदी हवालदार’.

मी हसले. काय करणार? समोर रांग होती.

त्या शूटिंगची गोष्ट तुम्ही आम्हाला एकदाच सांगितली होती, तीही आयने फारच मागे लागल्यावर. बाजारात शूटिंग होतं, तुम्ही बंदोबस्ताला. हवालदाराचं काम करणारा नट आलाच नाही. कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं. “हवालदारसाहेब, तुम्हीच पळा चोरामागे. शेवटी चोर सापडतो,” असं म्हणाले. तुम्ही अंगावरच्या खाकीतच पळालात. पाय खरोखरच घसरला. उठलात, पुन्हा पळालात आणि चोराला पकडलंतही! पण सिनेमा आला तेव्हा त्यात फक्त पडणं होतं. पकडणं कापून टाकलेलं.

आणि मग सुरू झालं ते, “ओ हवालदार, टोपी कुठंय?”

भाजीबाजारात, एसटी स्टँडवर, गणपतीच्या मिरवणुकीत. तुमचा हात धरून चालताना किती वेळा ऐकलं असेल मी! तुम्ही डोक्यावरची टोपी चाचपायचात आणि पुढे चालू लागायचात. त्यानंतर टॉकीजमध्ये तुम्ही कधी पाऊल टाकलं नाहीत. आम्हाला दारापर्यंत सोडायचात आणि सिनेमा सुटेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचात. आबा, तुम्हाला राग कसा येत नव्हता हो? की यायचा आणि तुम्ही तो चहाबरोबर गिळायचात?

मला मात्र आला. तुम्ही गेलात तेव्हा वाटलं होतं, आता तरी हे संपलं. आणि हे बघा, भिंतीवर काचेत घालून टांगलं की तुम्हाला!

आज सकाळी शेजारच्या वहिनींना आयजवळ बसवलं आणि निघाले. सुकापूरहून पनवेल म्हणजे हाकेच्या अंतरावर म्हणायचात तुम्ही. आता या, बघा एकदा! रिक्षा पुलाखाली अडकली ती अडकलीच. मला तर वाटलं, परत फिरावं. किती ठिकाणी लढायचं माणसाने? आयच्या औषधांसाठी, सोसायटीत पाण्यासाठी, बेलपाड्याच्या आपल्या जुन्या घराच्या कागदांसाठी, आणि आता मेलेल्या बापाच्या फोटोसाठी! पण रिक्षावाल्याने वाट काढली आणि पोचले.

मधुकाका फार खंगलेत. कानाला मशीन लागलंय. मला ओळखलं त्यांनी. “हवालदारांची कुंदा ना तू?” म्हणाले. मी चहालासुद्धा थांबले नाही. म्हटलं, “काका, तो फोटो उतरवा. माझे आबा विनोदी नव्हते.”

काकांनी मशीन नीट बसवलं, मला पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाले, “उतरवतो, बाळ. तुझा हक्कच आहे. पण या बाई त्याच फोटोची प्रत मागायला आल्यात. आधी त्यांचं ऐक.”

खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, डोक्यावरून दुपट्टा घेतलेला. माझं डोकंच फिरलं. “तुम्हाला कशाला हवाय हो? घरी नेऊन हसायला?”

त्या उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही हवालदारसाहेबांची बेटी? या अल्ला! मला वाटलं होतं, तुम्हाला सगळं माहीत असणार.”

त्यांचं नाव रेहाना. मच्छी मार्केटकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांच्या अब्बांची बेकरी होती. नानकटाई मिळायची ती. तुम्ही आणायचात, आठवतं?

त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

“मी लहान होते. गावात कुठून तरी अफवा आली आणि दोन दिवसांत हवाच बिघडली. त्या दुपारी काठ्या घेतलेली पोरं आमच्या गल्लीकडे यायला लागली. अब्बांनी शटर ओढलं. आम्ही सगळे आत. मी मैद्याच्या पोत्यावर चढून जाळीतून बघत होते. गल्लीच्या तोंडाशी तुमचे अब्बा एकटे. बाकीचे पोलीस दुसरीकडे पाठवलेले. साहेबांनी विचारलं, ‘काय रे पोरांनो, कुठं चालला तुमी?’ कुणी थांबेना. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ‘ए हवालदार, टोपी कुठंय?’”

रेहानाआपांनी घसरलेला दुपट्टा पुन्हा डोक्यावर घेतला. मधुकाका मान खाली घालून ऐकत होते.

“साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. तिच्याकडे बघितलं. आणि दिली टाकून गटारात! मग तिच्यामागे धावले आणि पडले, अगदी सिनेमातल्यासारखे, उताणे. अल्लाची कसम, पोरं होती तिथेच थबकली. मग एक पोरगा हसला. मग दुसरा. मग सगळी गल्ली हसायला लागली. साहेबांनी ती घाण पाण्याने निथळणारी टोपी डोक्यावर घातली आणि सगळ्यांना सलाम ठोकला. आणि मग, तसेच चिखलात उभे राहून, एकेकाला नावाने हाक मारायला लागले. ‘तुझ्या बापाचा दमा कसा हाय रे? घरी जा, तो वाट बघत असंल. आणि तू? बहिणीचं लगीन ना तुझ्या? ती काठी मांडवाला लाव.’ हसलेला माणूस पुन्हा दातओठ कसा खाणार, बहन? पोरं पांगली.”

आबा, मी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

“नंतर त्यांनी शटरवर थाप मारली. हात धुवायला पाणी मागितलं. अब्बांनी आत घेतलं, बसवलं. आम्ही पोरं तोवर हसतच होतो. पण साहेबांचे हात इतके थरथरत होते की पेला धरता येईना. माझ्या अम्मीने त्यांच्या तोंडाला पेला लावला. तेव्हा अब्बा आमच्यावर ओरडले, ‘गप्प बसा! हसायचं नाही.’” त्यांनी डोळे पुसले. “भाऊ कुवेतहून आलाय. त्याच्या पोरांना हा फोटो दाखवायचाय. त्यांना सांगायचंय, या माणसामुळे आपलं घर आहे.”

मला रडू नाही आलं. नुसता थकवा आला, अंगभर. मी तिथल्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. मी भांडायला आले होते हो. आता भांडायचं कोणाशी?

घरी आले आणि आयला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला धक्का बसेल. तिने नुसती कूस बदलली. मग म्हणाली, “मला म्हाईत हाय. ती वर्दी मीच धुतली ना. वास जात नव्हता तिचा.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तेनी सांगितलेला, कुनाला बोलू नको. वरच्या साहेबांनी तेना इचारला, जमाव कसा पांगला? हे बोलले, आपोआप गेला. नावां इचारली तवा बोलले, मी कुनाला वळखला नाय. पोरांची नावां कागदावर चढली असती तर जनम गेला असता तेंचा.”

“पण मला तरी?”

“तुला?” आय हसली, कितीतरी दिवसांनी. “तुजे बापाला कोन हासला का तू लगेच सांगून मोकळी झाली असतीस!”

खरं आहे. सांगितलंच असतं. चारचौघांत, ओरडून सांगितलं असतं.

पण आबा, तरीही मी तुमच्यावर रागावलेय. त्यातलीच कितीतरी पोरं पुढेही वर्षानुवर्षं ‘टोपी कुठंय’ म्हणत राहिली असतील. तुम्ही त्यांना नावानिशी ओळखत होतात, आणि तरी ऐकून घेत राहिलात! त्यांना तुम्ही सांभाळलंत ते चांगलंच केलंत. पण आमचं काय? आम्हालाही तुमचा अभिमान वाटायला हवा होता की. तो तुम्ही आमच्यापासून चोरून ठेवलात. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, संसार मोडून मी परत तुमच्याच दारात आले. आपण दोघं गॅलरीत बसून किती संध्याकाळी नुसतं रस्त्याकडे बघत होतो. त्यातल्या एखाद्या संध्याकाळी तरी सांगायचं होतं! तेव्हा मी काही लहान नव्हते. गप्प बसायला शिकले होते.

असो. आता तुमच्याशी तरी काय भांडू?

मघाशी मधुकाकांना फोन केला. फोटो उतरवू नका म्हटलं. फक्त फोटोखालच्या चिठ्ठीतला ‘विनोदी’ काढा, आणि तुमचं पूर्ण नाव घाला. ते म्हणाले, “सगळी हकिकत टाइप करून खाली लावतो की!” मी नको म्हटलं. ती पोरं आता आजोबा झाली असतील. कुणाच्या नातवाने भिंतीवर वाचून घरी जाऊन विचारावं, हे तुम्हाला आवडलं नसतं. काका म्हणाले, “मग लोकांना कळणार कसं, कुंदा? मला तर धड ऐकूही येत नाही. रविवारी इथे बसायला माणूस मिळत नाही.”

आणि मी बोलून गेले, “मी येते.”

बोलल्यावर वाटलं, काय हे! हाताशी एकच सुट्टीचा दिवस, तोही दिला! गुडघे दुखतात माझे, तो जिना उभा आहे. पण शब्द दिलाय, आणि तो काकांना नाही, तुम्हाला दिलाय असं धरते. महिन्यातून एक रविवार मी तिथे बसेन. लोक येतील, फोटो बघतील, हसतील. मी कुणाला थांबवणार नाही, आबा. पोटभर हसू दे त्यांना. त्यांचं हसून झालं की खुर्ची पुढे ओढेन आणि म्हणेन, बसा, पुढचं सांगते. नाव मात्र एकाचंही घेणार नाही.

आय जागी झालीय, हाक मारतेय. उठते.

तुमची,
कुंदा