समुद्रावरची सरकी

शेलूबाजार,
दि. १३ सप्टेंबर २०२५

सौ. निकिता हिले,

रूपालीताईचा आशीर्वाद. आमी इकडं बरे आहो, असं पहिल्या ओळीत लिवाची रीत हाय म्हणून लिवलं. तुही तब्येत कशी हाय? टायमावर जेवते का? आमचे हे फोनवर मले हसून राह्यले होते, म्हणे आजकाल पत्र कोण लिवते? म्हणलं, ज्याचा फोन कोणी उचलत नाही तो लिवते.

तू आमच्या बोलीले हसत होती ना, "राह्यला, राह्यली" करून? मी तशीच लिवते. हसजो.

पाणी काही उघडून नाही राह्यलं. सोयाबीन उभी हाय, पण शेंगा काळ्या पडल्या. बाबा रोज वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभे राह्यते अन् वापस येते. मी सासरहून, मालेगावहून आली ते अजून इथंच आहो. मायले सोडून जावंसं वाटत नाही.

मायची गोष्ट सांगते. तू पाठोलेलं पार्सल तिनंच फोडलं. गणेशचा निळा शर्ट निंघाला, चष्म्याचं घर निंघालं, अन् ते कापूस घातलेली डबी. डबीतलं मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या अंड्याचं कवच तिनं हातात घेतलं, उलटंपालटं करून पाह्यलं. तपकिरी, चिवट, कडेले रेशमावानी धागे. बाईचा सारा जन्म कापसात गेला. म्हणे, "केवढी मोठी सरकी व माय! समुद्रावरचं वाण दिसते. माह्यासाठीच ठेवलं असन त्यानं." अन् कोणाले न इचारता हळदकुंकू लावून न्हाणीच्या मांगच्या वाफ्यात पेरून बी टाकलं.

मले तर मालूम होतं ते काय हाय. तुमचं लग्न ठरलं त्या दिवशी तुमाले दोघाले ते वाळूत सापडलं होतं, अन् त्यानं लगेच व्हिडिओ कॉल करून मले दाखवलं होतं. काही मुश्या जिती पिलं देते, काही अंडी घालते, अन् हे त्या अंड्याचं घर. पिल्लू फट पाडून निंघून गेलं की रिकामं घर लाटंसंगं काठावर येते. त्यानं एवढ्या येळा सांगतलं, की मले तोंडपाठ झालं. पण माय रोज सकाळी त्याच्यावर तांब्याभर पाणी घालते. वरून पाऊस पडत असला तरी घालते. म्हणते, "हे उगवलं का तो आला समज." आता कोणत्या तोंडानं सांगू तिले, का हे सरकी नाही?

आपल्या घरात मासा कधी शिजला नाही, अन् पोरगं मासेवाला निंघालं. शेलूबाजारच्या स्टँडवर लोक त्याले चिडवत, "काय गणेशभाऊ, मासे मोजाचा बी पगार भेटते?" त्याले राग नाही येत होता. उलट तिथंच चहाच्या टपरीवर शिकवणी सुरू. एकदा तर मायच्या परातीतली कणीक उचलली अन् पाटावर मासे केले. लांबट केला तो मुशी, चपटा केला तो पाकट. दोघाच्या अंगात हाड नाही, म्हणून दोघं एका घरचे, म्हणे. मंग काडीनं कल्ल्याच्या फटी पाडल्या. गालफडाच्या बाजूले फटी असल्या तर मुशी, पोटाखाली असल्या तर पाकट. तिसरा केला त्याले लांब नाकाड लावलं, त्याच्या दोन्ही कडेले दात. करवत मासा. माय म्हणे, नाकाले करवत असून बी हा मुशी नाही? गणेश म्हणे, "फटी पाहा ना माय, नाक कायले पाह्यते? पोटाखाली हाय, म्हणजे पाकटाच्याच गोतातला." मायनं ते तिन्ही मासे लाटून पोळ्या केल्या अन् त्यालेच वाढल्या.

बस म्हणलं तर बसत नव्हता तो. पोळी हातात घेऊन चालला. माय ओरडली की म्हणे, "काही मोठ्या मुश्या असते ना माय, त्याईनं पोहणं थांबवलं तर त्याईचा दम जाते. मी त्यातला हाय."

बाबाचं आठवते तुले? तू पह्यल्यांदा इथं आली तवाची गोष्ट. ओसरीवर बसले होते सारे. गणेश सांगत होता, मुशीचं सारं अंग कानाच्या पाळीवानी असते, लवते, पण हाड नाही. बाबानं आपला कान धरून पाह्यला. मंग इचारलं, "मेल्यावर काय राह्यते मंग तिचं?" गणेश म्हणे, दात. बाबा म्हणे, "म्हणजे राख सावडाले काहीच नाही! चांगलं हाय, पोराईले काम नाही." किती हसलो होतो आपण. तू तर पदर तोंडाले लावून हसली होती.

आता लिवतेच. मे महिन्यात मासेमारीची बंदी लागाच्या आदी तो त्या मासेमारीच्या बोटीवर गेला, जाळ्यात कोणत्या मुश्या अन् किती पाकटं येते ते पाहाले. वादळ आलं. बोट नाही आली, बोटीवरचं कोणी नाही आलं. तुले हे सांगाची गरज नाही, तूच बंदरावर उभी होती. पण हे लिवल्याबिगर पुढचं लिवता येत नाही.

बाबानं तुह्याजवळ त्याची एखादी वस्तू मांगितली, तू भाबडेपणानं पाठोली, अन् मंग फोनवर त्याईनं सांगतलं की कायले पाहिजे होती. देह भेटत नाही त्याचा पुतळा करते, पळसाच्या पानाचा. त्याले अग्नी देते. सर्वपित्री अमावास्येले कराचं म्हणते. तू "तो जिता हाय" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. मी तुले दोष देत नाही व. मी असती तर मी बी ठेवला असता. पण बाबाईले बी दोष देता येत नाही मले. माणूस सुकून गेला. म्हणते, "पोरगं कुठं अडकलं असन, त्याले वाट तर देऊ." अन् मधात माय, वाफ्यापाशी तांब्या घेऊन. माय हो म्हणत नाही तोवर बाबा बी करत नाही.

निकिता, तू ये. हो म्हणाले ये, नाहीतर बाबाशी भांडाले ये. पण फोन बंद करून


२४ सप्टेंबर

वरचं वाक्य तसंच राह्यलं. तवा मायनं आवाज देल्ला म्हणून उठली, अन् मंग पेन हातात धरवलं नाही. तो कागद फाडून नवीन लिवणार होती, पण राहू देल्लं.

झालं, निकिता. अमावास्येले झालं. तुह्याबिगर झालं.

आदल्या दिवशी जगदेवकाका पळसाची पानं घेऊन आले. आमच्या बाबाचे चुलतभाऊ, तुह्या लग्नात हळदीले नाचले होते तेच. ओसरीवर बसून पानं जोडत होते. एकेक पान म्हणजे एकेक हाड, असं धराचं असते. डोक्याच्या जागी नारळ लागते. घरात एकच नारळ होता, तू दिवाळीले माहेरचा म्हणून पाठोला होता तो. मायनं तो देवघरातून काढला, काकाच्या हाती देल्ला, अन् खुरपं घेऊन परसात गेली. मी मांगं मांगं.

तिनं वाफा उकरला. ते कवच जसं पेरलं तसंच होतं. कोंब नाही, सडलं बी नाही. न्हाणीच्या दगडावर धुतलं तिनं, अन् अंगठा फिरवत बसली. एका टोकाले अंगठा अटकला. तिथं नख घालून पाह्यलं.

"रूपे, हे फुटलेलं हाय."

"हो माय."

"आपल्या घरी आलं त्याच्या आदीच याच्यातलं निंघून गेलं."

मी नुसती मान हालवली.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

मले वाटलं, माय आता रडन, नाहीतर मारन. तर म्हणे, "चांगलं केलं. तेवढे दिस पाणी तर घालता आलं."

मंग आतमधी गेली अन् बाबाले म्हणाली, उद्या करून घ्या. बाबानं कवचाकडं पाह्यलं, म्हणे हे बी ठेवू पुतळ्यात, त्याच्या हातचं हाय. तशी माय कडाडली. आईशप्पथ, लग्न झाल्यापासून तिचा एवढा आवाज बाबानं ऐकला नसन. "हे नाही जाळाचं. हे तिचं हाय. शर्ट जाळा, मी शिवला होता. आपला ल्योक गेला, आपण अग्नी देऊ. तिचा नवरा तिच्याजवळ राहू द्या. तिनं काय काढाचं, काय ठेवाचं, कवा काढाचं, ते कोणी तिले सांगाचं नाही. अन् कोणी फोन केला तर माह्याशी गाठ हाय." जगदेवकाका पानं जोडाचे थांबले होते.

नाल्याच्या काठी अग्नी देल्ला. पावसानं लाकडं ओली, धूरच लय झाला. नारळ तडकला तसे बाबानं दोन्ही कान झाकले.

काल राख सावडाले गेलो. मी बी गेली, कोणाले इचारलं नाही. बाबा उकिडवे बसले अन् राखेत हात घालून चाळू लागले, आजीच्या येळेस चाळली होती तशीच, बोटानं हाडं पाहत. पानाची राख ते, हातातून उडून जाऊन राह्यली होती. त्याईले मालूम होतं काही नाही. तरी हात थांबत नव्हता. मंग माह्याकडं पाहून म्हणे, "याच्यात काहीच नाही व रूपे. मुशीवानी."

निकिता, आमी इतके रडलो. बाबा मोठ्यानं रडले. मी त्याईले तसं कधी पाह्यलं नाही. पण घरी येऊन भाकर खाल्ली त्याईनं, चार महिन्यात पह्यल्यांदा मांगून घेतली.

तुले राग येईन. येऊ दे. माह्यावर काढजो, मायवर नको. तू वाट पाहत असली तर पाह्य, आमी तुले नाही म्हणणार नाही. मायले तर मनातून तेच पाहिजे, मले समजते. अन् कवा थकली, कवाही, तर हे घर तुहं हाय. दार वाजवाची बी गरज नाही. तू आली की माय कणीक तिंबन, अन् मी तुले मुशी अन् पाकट करून दाखवीन. फटी कुठं पाडाच्या ते माह्या ध्यानात हाय.

पाकिटावरचा पत्ता बाबानं आपल्या हातानं लिवला. मी शेजारी बसून पाहत होती. त्याईनं पह्यले "सौ." लिवलं, मंग तुहं नाव.

डबी संगं पाठोली हाय. मायनं कवच दोन-तीनदा धुतलं, तरी त्या फटीतली माती निंघाली नाही. ते आपल्या परसातली हाय. राहू देजो.

तुही, अन् त्याची बी,
रूपालीताई