सकाळच्या फोनची खोली

६ जानेवारी

चि. भिंगरीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेल्या माणसाला कागदावर उमटल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही. तेव्हा हस आणि वाच.

तू नोकरी करतेस त्या मदतनिधीचं पत्र आलं. आमच्या ‘सकाळच्या फोन’ची मदत मार्चअखेर बंद. कारण काय, तर या भागातून देणग्या फार कमी निघतात, असं पाहणीत दिसलं. अगं, सायकलच्या दुकानावरची ती खोली म्हणजे आहे तरी काय? दोन फोन, चार खुर्च्या आणि एक कुरकुरा पंखा. आठ वाजले की आम्ही म्हातारे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन लावतो. झोप लागली का, गोळी घेतली का, एवढंच. शेवटी मी शाळेतल्या कवितेचं एखादं कडवं म्हणतो. मी चाल बिघडवतो, अशी फोनपलीकडच्या शिंपीदादांची रोजची तक्रार. आणि एखाद्या दिवशी विसरलो, की तेच फुरंगटून बसतात. कुणी फोन उचलला नाही तर आमच्या परिचारिकाबाई त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात. मदतीतून त्यांचा पगार आणि खोलीचं भाडं भागतं. बाकी आम्ही फुकटे.

पाहणी तुझ्याच खात्यात होते ना? आमच्यासाठी एक शब्द टाकशील?

माझा लोभ पोतंभर आहे. तुझा मूठभर असला तरी चालेल, पण असू दे.

तुझा काका


१५ जानेवारी

ती. स्व. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

ती पाहणी माझीच आहे. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

काका, सगळीकडे देणग्या वाढताहेत. आपल्या भागाचा रंग मात्र पाहणीच्या नकाशावर दर वर्षी फिकट होत चाललाय. आपली माणसं चिकट आहेत असं नाही. तरुण मंडळी मोठ्या शहरांत गेली आणि राहतात तिथल्याच दवाखान्याला, तिथल्याच शाळेला देऊ लागली. मोठ्या संस्था तिथेच, त्यांची नावं रोज डोळ्यांसमोर, म्हणून आणखी देतात. शिवाय लहान मुलं म्हटलं, दुखणं म्हटलं, की हात लगेच खिशात जातो. म्हातारपणी घर खायला उठतं, त्याचा फोटो कसा काढायचा आणि पत्रकावर कसा छापायचा?

निधीचा नियम असा, की गावाने थोडा वाटा उचलला तरच पुढची मदत. मी शब्द टाकला तर तो माझ्या काकांसाठी होईल. बाकीच्यांच्या काकांनी काय घोडं मारलंय? तुमच्या लोकांनाच विचारून पाहा ना. प्रत्येकाने थोडं दिलं तरी नियम पाळला जाईल.

रागावलात तरी पत्र टाका. न रागावता टाकलंत तर जास्त आवडेल.

तुमची भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. दोन दिवस तोंड पाडून बसलो, एवढंच. मग घसा साफ करून मागायला निघालो.

शिंपीदादांनी चहा ठेवला. ते दर महिन्याला पैसे देतात, हे मला तेव्हा कळलं; पण ते मुलाच्या शहरातल्या रुग्णालयाला. मी विचारलं, तिथे तुमचं कोण आजारी? म्हणाले, कुणी नाही. तिथली पावती मुलाच्या पत्त्यावर जाते. मग पावती मिळाली हे सांगायला तो फोन करतो. एवढं सांगून दादा सुईत दोरा ओवत बसले. तो काही ओवला जाईना.

मग आमच्या फोनच्या यादीतल्या ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्या नातवाच्या शाळेला देतात. शाळेचं आभाराचं पत्र नातू त्यांना फोनवर वाचून दाखवतो. अडखळतो फार, पण छान वाचतो, म्हणाल्या.

भिंगरे, तुमच्या नकाशात हे कुठे बसतं ते पाहा. आमच्याकडून पैसा जातो, पण पोरांच्या मागे मागे जातो. तो मी कसा वळवू? मागायला पुढे केलेला हात मी डोक्यावरून फिरवला आणि आज ऊन फार आहे म्हणालो. आकाशात ढग होते.

आता तू सांग, तू कुठे देतेस? लबाडी नको.

लोभाला कात्री लावू नकोस, ती शिंपीदादांकडेच राहू दे.

तुझा काका


१४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मी माझ्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला देते. हसा. या शहरात राहून इतकी वर्षं झाली, पण मला नावाने हाक मारणारं ते एकच दार आहे.

तुमचं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. एका साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, नियम एकासाठी मोडला तर सगळ्यांसाठी मोडावा लागेल. मदत बंद होणार, काका. मला दुसरं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुमच्या लोभावर माझा हक्क किती उरला, ते तुम्हीच ठरवा.

भिंगरी


१० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हक्क पूर्वीएवढाच. वेडी कुठली!

खोली गेली. दुकानदार तिथे टायर ठेवतो. परिचारिकाबाई मोठ्या रुग्णालयात लागल्या. निघताना प्रत्येकाच्या गोळ्यांच्या वेळा मला घोकून घ्यायला लावल्या, शाळेत कविता घोकायचो तशा. बाकीचे फोन करणारेही पांगले. मी घरच्या जुन्या फोनवरून लावतो. आवाज एकट्याचाच, त्यामुळे घर मोठं वाटतं.

मंगळवारी शिंपीदादांनी फोन उचलला नाही. आता जाणार कोण? काठी घेतली, निघालो. त्यांचा जिना चढता चढता पाठ असलेली एकही ओळ आठवेना. दार उघडलं तर दादा अंगाला साबण फासलेले! म्हणाले, माणसाने अंघोळसुद्धा तुम्हाला विचारून करायची का? मग मी पायरीवरच बसलो, आणि ते तसेच ओलेते शेजारी बसले.

मी फोन करत राहणार. पाय चालतील तोवर जात राहणार.

लोभ धर, आणि त्या कुत्र्यांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा काका


२५ एप्रिल

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यावर लक्षात आलं, की तुम्ही सगळ्यांना फोन करता, तुम्हाला कुणीच करत नाही. म्हणून रोज आठला, बसची वाट पाहताना, मी तुमचा नंबर लावते. रोज एंगेज. आधी चिडले. मग उमगलं, की एंगेज आहे म्हणजे काका उठलेत, आणि कुणाला तरी कडवं ऐकवताहेत. तो टूं-टूं आवाज ऐकते आणि बसमध्ये चढते. दिवस बरा जातो. तेव्हा आठ वाजता माझ्यासाठी फोन मोकळा ठेवायचा नाही, सांगून ठेवते.

माझा लोभ मूठभर नाही, हे एकदा येऊन मोजून दाखवीन.

तुमची भिंगरी

ता. क. तुमच्या शेजारी कोण राहतं? त्यांचा नंबर पाठवा. एखाद्या सकाळी तुमचा फोन लागला, आणि नुसताच वाजत राहिला, तर मला हवा.