चौदा नंबरची स्लाइड

४ फेब्रुवारी, बुधवार

दाजींना काल ॲडमिट केलं — आमच्याच हॉस्पिटलात! ताईचा नवरा, बस चालवणारा दणकट गडी, आणि विषाणूचा ताप थेट फुप्फुसात. ताई दुसऱ्या मजल्यावर, वॉर्डाच्या काचेबाहेरच्या बाकावर बसून. मी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून.

लॅबच्या मॅडमनी सकाळीच दम भरला. "रक्ताच्या ट्यूबवर फक्त नंबर राहील, नाव नाही. आपल्या माणसाची स्लाइड ओळखून वाचलीस तर आहे ते नाही, हवं ते दिसेल तुला." बरोबर आहे. पण आज नवे नंबर दोनच आले, अकरा आणि चौदा. म्हणजे त्यातला एक दाजी. हे न कळायला मी काय दूधखुळा आहे?

दोन्हींत शंभर-शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. अकरात विषाणूशी लढणाऱ्या लिम्फोसाइट फक्त सहा! निदान वीस तरी हव्यात. न्यूट्रोफिल भरमसाट, त्यातल्या कित्येक कच्च्या — केंद्रकाचे तुकडे व्हायच्या आधीच हाडांच्या मज्जेतून बाहेर ढकललेल्या. चौदात लिम्फोसाइट अठरा. नारिंगी दाण्यांची इओसिनोफिल मात्र दोन्हींत एकही नाही. भारी आजारात ती आधी पळ काढते, उतार पडला की परतते.

चौदा म्हणजे दाजी. असणारच!

५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत वर गेलो. मला मजल्याच्या दारातूनच परत फिरवतात, ताई बाहेर येते. नियम मोडून सांगितलं तिला, "घाबरू नकोस. चौदा नंबरची स्लाइड एकदम झकास!" ताईने एकदा मागे वळून बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "चौदा का? बरं. उद्या पण सांगशील?"

सांगेन म्हणजे काय! रोज सांगेन.

७ फेब्रुवारी, शनिवार

चौदात लिम्फोसाइट चोवीस. चांगल्या फुगल्यात, कडेला गडद निळ्या. शेजारच्या तांबड्या पेशीला अशा बिलगतात की सोडायचं नावच नाही. मला या फार आवडतात. कामाला लागलेल्या पेशी आहेत.

ताईला हे सगळं रंगवून सांगितलं. हसली. चार दिवसांत पहिल्यांदा! मग मला चेव आला. म्हटलं, "आमच्या त्या अकराची गत बघशील तर म्हणशील, आपला चौदा लाख पटींनी बरा. मोनोसाइटला भोकं पडलीत, लिम्फोसाइट चारवर आल्यात. बिचाऱ्याचं काही खरं नाही."

ताई एकदम वळून आत गेली. थकली असेल. दोन तासांच्या वर झोप नाही तिला.

८ फेब्रुवारी

चौदात इओसिनोफिल! एक, पण खणखणीत. वर पळत गेलो. ताईने दोनदा विचारलं, "नक्की ना? म्हणजे माणूस बरा होतो ना?" होतो!! तिने माझा गालगुच्चा घेतला, एवढ्या लोकांसमोर. वय वर्षं एकोणतीस माझं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चौदाची ट्यूब आली नाही. मॅडमना विचारलं. "चौदाला काल संध्याकाळी घरी सोडलं."

घरी! आणि मला पत्ता नाही! ताईला फोन लावला, "काय गं, घरी जाऊन साधा फोन नाही? दाजी काय म्हणतात?"

"कुठलं घर? मी इथेच बाकावर आहे. हे आत आहेत. ऑक्सिजन चालूच आहे अजून."

काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. दाजी अकरा आहेत. दोनातली जी बरी दिसली ती मी त्यांची ठरवून टाकली. आणि ताईच्या तोंडावर म्हणालो, बिचाऱ्याचं काही खरं नाही.

मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

११ फेब्रुवारी

वर गेलो नाही. काम आहे असा निरोप पाठवला.

१२ फेब्रुवारी

अकरा. लिम्फोसाइट सात. कच्च्या न्यूट्रोफिल थोड्या कमी वाटल्या, की मलाच तसं वाटावंसं वाटलं? आणि कडेला एक नारिंगी! खुर्चीवरून उठून ओरडलोच. मॅडम आल्या, डोळा लावला. "रंगाचा खडा आहे. स्लाइड नीट धुतली नाहीस." मग माझ्याकडे बघून, जरा हळू आवाजात, "म्हणून नंबर टाकते मी. आजपासून अकरा मी वाचणार."

चहा मात्र त्यांनी पाजला. मी रडलो थोडा. इथे लिहायला काय हरकत आहे!

१४ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी स्वतःहून बोलावलं. "बघ. पण हात लावू नकोस." अकरा. लिम्फोसाइट सतरा, निळ्या काठाच्या, तांबड्यांना बिलगलेल्या. आणि मधोमध नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेली — खडा नव्हे! त्याच स्लाइडवर दुसरी. तिसरी!

"जा वर," मॅडम म्हणाल्या.

जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. आज ताईला सगळं कबूल करायचं, मग ती मारो की तारो.

तीच तारीख, घरी आल्यावर

कबूल केलं. ताई म्हणाली, "वेड्या, यांच्या पलंगाला अकराची पट्टी आहे. काचेतून दिसते. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला."

मग मी तसलं बोललो तेव्हा? आणि तरी रोज चौदाचं का विचारायचीस?

"चौदाची बायको माझ्या शेजारी बसायची ना. तिला खालचं सांगणारं कोणीच नव्हतं."