फोटोपुरता पट्टा

प्रति,
मा. सुरक्षा निरीक्षक,
बांधकाम कामगार सुरक्षा कार्यालय

विषय : मयत परांची कामगाराच्या नावावरील ‘निष्काळजीपणा’ हा शेरा काढून माझ्या नावावर घेण्याबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल क्र. ३१२, दि. ४ जानेवारी.

महोदय,

हा अर्ज फायलीला लावण्याआधी आपण खुर्ची जरा जवळ ओढून पाच मिनिटे माझे ऐकावे, ही पहिली विनंती. कीर्तनाला मागे भिंतीशी बसलेल्या माणसाला बुवा हाताने पुढे बोलावतात, तसे मी आपणास बोलावीत आहे. हकीगत एका माणसाची आहे, लहानच आहे, आणि माझ्याशिवाय ती आपणास कोणी सांगेल असे वाटत नाही.

१. मी बारा मजली इमारतीच्या कामावर सुरक्षा मुकादम आहे. कीर्तनाच्या वेडामुळे मलाही सगळे ‘बुवा’ म्हणतात. आवाज खणखणीत, म्हणून रोज सकाळी कामगारांना सुरक्षेचे चार शब्द सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मयत हे परांची, म्हणजे इमारतीबाहेर चढण्यासाठी बांबू-फळ्यांचा सांगाडा, बांधत असत. उंच आणि काटकुळे, म्हणून त्यांचे नाव पडले ‘शिडी’. दि. ११ डिसेंबर रोजी सकाळी सव्वानऊला पायाखालची फळी सरकली. सातव्या मजल्यावरून पडून ते जागीच गेले.

२. अहवालात म्हटले आहे की, मयतास सुरक्षा पट्टा दिलेला होता व तो त्याने स्वतःहून काढून ठेवला. पुरावा म्हणून त्याच सकाळचा, पट्टा घातलेला फोटो जोडला आहे. फोटो खरा आहे. पुढचे वाक्य खोटे आहे.

३. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाचा पट्ट्यासह फोटो रोज आपल्या कार्यालयास पाठवावा, असा नियम आहे. आमच्याकडे वर चढणारे छत्तीस आणि पट्टे नऊ. बाकीचे ‘मागवलेत, येतील’ असे इंजिनियर साहेब चौदा महिने सांगत आहेत. म्हणून नऊ-नऊ जणांचे चार गट केले. एका गटाला पट्टे चढवायचे, फोटो काढायचा, उतरवून पुढच्या गटाला चढवायचे. शेवटी पुसून कपाटात कुलूपबंद, कारण मळके दिसले तर तपासणीत शेरा बसतो. चढवणे-उतरवणे हे माझे काम. त्या दिवशी मयतांच्या छातीवरचे बकल मीच सोडले. ते हसून म्हणाले, “बुवा, फोटो सुखरूप पोचला. आता मी निघतो वर.” मीही हसलो.

४. माझ्या शब्दावर जाऊ नये. आपल्याच फायलीतले त्या दिवशीचे फोटो काढावेत. आठ वाजून पाच मिनिटांच्या फोटोत मयतांच्या पट्ट्यावर ७ हा आकडा आहे आणि खांद्यावरची शिवण निळ्या दोऱ्याची आहे. ती मी घातलेली आहे. आठ सतराच्या फोटोत तोच आकडा, तीच निळी शिवण एका रंगाऱ्याच्या अंगावर आहे. एक पट्टा, दोन माणसे, बारा मिनिटे.

५. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेलाही फोटो गेले. एक माणूस कमी पडत होता, म्हणून गेटवरच्या वॉचमनला सात नंबरचा पट्टा घालून उभे केले. त्यांना गुडघेदुखी आहे, ते परांचीवर तर सोडाच, पहिल्या मजल्यावरही जात नाहीत. महिनाअखेरीस, एकही दिवस फोटो चुकला नाही म्हणून आपल्या कार्यालयाचे प्रशंसापत्र आले. ते चौकटीत बसवून त्याच कपाटावर लावले आहे.

६. अहवाल आल्यापासून मला हुकूम आहे की सकाळच्या बोलण्यात मयतांचाच दाखला द्यायचा. इंजिनियर साहेब म्हणाले, “बुवा, तुमच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटतं.” नऊ सकाळी मी ती खोटी कथा सांगितली. नवे कामगार म्हणतात, “काय येडा माणूस होता.” जुने खाली बघतात. संध्याकाळी कीर्तनाला बसतो तर टाळी ठेक्यावर पडत नाही. देवापुढे बसायची लाज वाटते.

७. परवा मयतांच्या घरी गेलो. अहवालाची प्रत त्यांच्या मुलीने आजीला मोठ्याने वाचून दाखवली होती. मयतांच्या पत्नीने माझ्यापुढे पाणी ठेवले आणि विचारले, “भाऊजी, रागावत नाही मी कुणावर. एवढंच सांगा, त्यांनी तो पट्टा काढला का? पोरीचा विचार नाही आला त्यांच्या मनात?” मी नोकरीच्या भीतीने पाणी तसेच ठेवून उठलो.

८. हरकतीची मुदत आज संपते. तरी विनंती की, अहवालात ‘पट्टा सुरक्षा मुकादमाने उतरवून घेतला’ अशी दुरुस्ती व्हावी, मजवर जी कारवाई बसेल ती करावी, आणि दुरुस्त अहवाल मयतांच्या घरी पाठवावा. तो पोचायला वेळ लागेल. म्हणून हा अर्ज आपल्या खिडकीत देऊन मी थेट तिकडेच जात आहे, त्या माउलीला उत्तर द्यायला.

९. शेवटची विनंती नियमात बसत नाही. साहेब, मयतांना आपण पाहिलेले नाही. खांद्यावर दोरीचे वेटोळे घेऊन ते चढत, आणि बांधलेली प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहत. एकदा स्वतःसाठी, एकदा मागून येणाऱ्यासाठी. त्यांची आठवण ठेवाल तर अशी ठेवावी.

आपला नम्र,
(सही)
सुरक्षा मुकादम
दि. १९ जानेवारी

सोबत : १. अहवाल क्र. ३१२ ची प्रत. २. चारही गटांच्या फोटोंच्या वेळा, माझ्या अक्षरात. ३. सात नंबरचा पट्टा. कपाटातून न विचारता आणला आहे, त्याचाही गुन्हा माझाच धरावा.